तिसरा थांबा : गाडीतून उतरू नये

अन्याय झाला तो शिवाजी पेठेत छापखाना चालवणाऱ्या शालनआक्कावर. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलायला लागलं तेव्हा, किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या तिसऱ्या थांब्यावर. तिच्या स्वतःच्या माहेरात तिला गाडीतून खाली उतरू दिलं नाही.

बघ आक्का, बसली का ओळ? कुणावर, कधी, कुठं, काय. तूच शिकवलेलं. मी कॉलेजातून पहिलं पत्रक घेऊन तुझ्याकडं आलो होतो, वर मोठ्या टायपात 'धिक्कार असो' आणि खाली आठ उद्गारचिन्हं. तू चष्मा नाकावर ओढून वाचलंस आणि कागद परत दिलास. "धिक्कार कुणाचा रं? पैल्या ओळीत सांगायचं, कुणावर अन्याय झाला आन् कधी झाला. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याकडं मागायचं. त्याला जमंल असं माग. सरकार पाडा म्हणून लिवलास तर लोक त्यात भजी बांधतील. मधलं तुझं तू बघ."

मधलंच जमेना झालंय.

तू सोमवारी गेलीस. दूध तापत ठेवलं होतंस, ते उतू जाऊन गॅस विझला तेव्हा शेजारणीला वास आला. आज शुक्रवार. तू सांगून ठेवलं होतंस तशी रक्षा नदीत टाकली नाही, झाडाच्या बुडाशी घातली. छापखान्याची माझ्याकडची किल्ली अजून माझ्याकडंच आहे. मशीनवर झाकलेलं प्लास्टिक काढलं, परत घातलं. रणजित सकाळपासून दारात उभा आहे. आपल्या संघटनेचा रणजित, तुला तो आवडायचा नाही. "काय ओ, कधी छापताय?" म्हणून विचारतोय.

छापायचं म्हणजे तेच पत्रक, जे तू छापू दिलं नव्हतंस. आता तू गेलीस म्हणजे त्याला धार आली असं त्याचं म्हणणं आहे. "माहेरच्या मातीला पाय न लागता गेली," तो म्हणाला, "ही एक ओळ टाक फक्त. पेठच्या पेठ पेटंल." ओळ चांगली आहे आक्का. खरीही आहे. आणि तरी मला ती मशीनवर चढवता येईना. का येईना, तेच मला समजत नाही, म्हणून तुलाच विचारतोय. दुसऱ्या कुणाला विचारू?

सुरुवात तुझ्याच मशीनवर झाली. कोपऱ्यावरच्या सहलवाल्यानं हँडबिल टाकलं होतं छापायला. 'सागरी जंगल सफर! गाडीत बसल्या बसल्या समुद्र, अरण्य आणि सूर्यास्त!' खाली रस्त्याचा नकाशा, त्यावर चार थांबे. मी तुझ्यासमोर चहा पीत बसलो होतो. तू ओला कागद उचललास, उजेडाला धरलास आणि तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलंस. ठिपक्याखाली लिहिलं होतं, 'सनसेट पॉइंट'.

"हे आमचं उंडीवाडी," तू म्हणालीस. एखादी बाई एसटीच्या खिडकीतनं आपला स्टॉप दाखवते तशी.

किती वर्षं मी तुझ्याकडं येत होतो? तुझ्या मशीनवर धरणग्रस्तांची पत्रकं छापली, रुंदीकरणात दुकानं गेलेल्यांची छापली. तू शाई लावत होतीस आणि एका शब्दानं कधी म्हणाली नाहीस की मीही उठवलेल्या गावची. तुझ्या लग्नानंतर गाव उठलं, उद्यान झालं. आईबाप पुनर्वसनाच्या पत्र्याच्या खोल्यांत गेले आणि तिथंच संपले. हे सगळं तू मला त्या दिवशी, कागद वाळत घालता घालता सांगितलंस. मी ग्लास आपटला.

"आक्का, हे हँडबिल तू छापायचं न्हाय!"

"का? सहलवाल्याचं पोट हाय त्यावर. आन् रंग काय झ्याक उठलाय बघ."

"अगं पण तुझं गाव हाय ते!"

"म्हणून तर झ्याक उठलाय." आणि मग, पुढची थप्पी लावत, "पुढारी, व्हॅन मिळंल का कुणाची? बघून येऊ की एकदा."

शेजारच्यांची जुनी व्हॅन मिळाली. पहाटे तू दारात उभी होतीस, नवं लुगडं, आणि हातात चार पुडांचा डबा. धपाटे, भडंग, खर्डा, वरच्या पुडात बुंदीचे लाडू. मी म्हटलं, आक्का, दोघंच आहोत, लग्नाला निघालीस काय? तू म्हणालीस, गप गाडी चालव. मला वाटलं, म्हातारीला सहलीची हौस आली. गगनबावड्याला चहा प्यायलो, घाट उतरलो आणि तू खिडकीची काच खाली केलीस ती परत लावलीच नाहीस.

फाटकावर पाटी होती. गाडी सावकाश चालवा, हॉर्न वाजवू नये, गाडीतून उतरू नये. कारण काय तर प्राण्यांना त्रास. मी तिथंच सुरू केलं. माणसं उठवली, गाड्या सोडल्या, आणि पायांचा त्रास होतो म्हणे प्राण्यांना! तू माझ्या दंडाला चिमटा काढलास. "वरड. पण गाडी चालू ठिवून वरड. मागं रांग लागलीया."

आता इथून पुढचं मला सांग, कारण इथून पुढचं माझ्या कुठल्याही पत्रकात बसत नाही.

तुला मजा येत होती. खोटं बोलू नको. रस्ता डांबरी, काळा, डोंगराच्या कडेनं वळत जाणारा. एका बाजूला गर्द झाडी, दुसऱ्या बाजूला एकदम खाली समुद्र. पहिल्या थांब्यावर तू पोरीसारखी ओरडलीस, "आरं, ते बघ, ते बघ!" आणि मला मोबाईल काढायला लावलास. दुसऱ्या थांब्यावर खिडकीतनं अर्धी बाहेर वाकलीस. मी तोंड पाडून बसलो होतो. मी म्हटलं, आक्का, तुझंच गाव पुसून केलाय हा रस्ता. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस,

"लेकरा, हितं समुद्र हाय हे मला ठावं होतं. बघितला न्हवता. डोक्यावर माशाची पाटी असायची, पायाखाली निसरडी वाट. खाली बघून चालायचं. आज पैल्यांदा सरळ बसून बघतोय. छान केलाय की रस्ता."

मी गाडी जवळजवळ थांबवली. छान केलाय? तू म्हणतेस हे? मी आजवर जितक्या लोकांच्या तोंडाजवळ माईक धरला, त्यातला कुणीही, ज्याचं घर गेलं असा कुणीही, असं बोलला नाही. की बोलला असेल आणि मला ऐकूच आलं नाही? हे मला आत्ता सुचतंय. त्या वेळी मला फक्त राग आला. तुझा राग आला, आक्का.

मग तिसरा थांबा. उंडीचं एक मोठं झाड, त्याच्याखाली स्टूल, स्टुलावर पहारेकरी. आजूबाजूला माड. गाव उठतं, माड राहतात. एका ठिकाणी नुसतं जोतं दिसत होतं, त्यावर गवत. त्या पहारेकऱ्याचं वर्णन मी करणार नाही. वय, उंची, मिशा, काही नाही. कुणी विचारलं तर मला आठवत नाही.

मी दार उघडलं तसा तो धावत आला. "साहेब, दार लावा. उतरायचं नाही." मी म्हटलं, ही बाई इथली आहे, हे तिचं घर होतं. तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, नियम कुणाचा? मग मी बरंच काही म्हटलं. माझा आवाज इतका चढला की माडावरचे कावळे उडाले. प्राण्यांना त्रास झाला असेल तर तेवढाच झाला.

आणि तू काय केलंस? मी वाट बघत होतो. कलेक्टर कचेरीच्या फाटकावर आडवी पडणारी बाई, पोलीस ठाण्यात मला सोडवायला आलेली आणि फौजदाराला "पावणं, पोरगं उपाशी हाय, आधी त्याला खाऊ दे, मग आत टाक" म्हणणारी बाई. आता ही उतरणार. दार ढकलून उतरणार. मी मोबाईलवर व्हिडिओ चालूच ठेवला होता.

तू डबा उचललास आणि खिडकीतनं त्याच्या हातात दिलास.

आणि बोलायला लागलीस. ती भाषा मी तुझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. इतकी वर्षं पेठेत काढून तू 'येतो, जातो' म्हणणारी पक्की कोल्हापुरी बाई झाली होतीस, आणि त्या खिडकीत एकदम दुसरीच कुणी बसली. "मी हयलीच रे बाबा," म्हणजे इथलीच, एवढं कळलं. पुढचं भरभर, खालच्या आवाजात, हसत. तोही त्याच भाषेत उत्तर देत होता. एकदा त्यानं जोत्याकडं हात केला, एकदा समुद्राकडं. मला अर्धंसुद्धा समजलं नाही. मी तुझा लढा लढायला आलो होतो आणि मला दुभाष्या लागत होता.

शेवटी तो म्हणाला, "मावशी, खाली उतराक मात्र गावाचा नाय." उतरायला मिळणार नाही, हे डबा हातात धरून म्हणाला! लाडवाचा वास येत असेल त्याला. आणि तू "बरां" म्हणून मान हलवलीस. बरां! मी गाडी सुरू केली ती इतक्या रागानं की पहिला गिअर पडेना. तेवढ्यात तो मागनं पळत आला. माडाखाली पडलेला एक नारळ त्यानं उचलला होता. उद्यानातनं काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हेही त्याच पाटीवर लिहिलंय. त्यानं तो खिडकीतनं तुझ्या मांडीवर ठेवला. "मोकळ्या हातान जाव नको," म्हणाला. एवढं मला कळलं. तू पदर पुढं केलास, नारळ त्यात घेतलास, गाठ मारलीस.

तेव्हा डब्याचा उलगडा झाला. माहेरी जाताना हात रिकामा नसतो, आणि माहेरून निघताना पदर रिकामा नसतो. तू सहलीला निघालीच नव्हतीस. पण माहेरात कुणी उरलं नसेल तर खाऊ कुणाला द्यायचा? जो दारात उभा असेल त्याला? जो दार अडवून उभा असेल त्यालाही? मला अजून पटत नाही. सांगून ठेवतो.

परतीच्या घाटात आपण भांडलो. म्हणजे मी भांडलो. मी म्हटलं, तू शरण गेलीस. तू म्हणालीस, भूक लागलीया, सगळा डबा दिला, कुठंतरी थांबव. मी विचारलं, काय बोलत होतात तुम्ही? तू म्हणालीस, "तुला काय करायचंय? माझ्या माहेरातलं बोलणं हाय." गगनबावड्याला मिसळ खाल्ली. तू कट, तो वरचा तिखट रस्सा, परत परत मागून घेत होतीस. मी पाव कुस्करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तू निरोप धाडलास, जेवायला ये. आलो. पांढरा रस्सा केला होतास, असा की वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवली नाही. दोन वाट्या झाल्यावर मी विचारलं, आक्का, तो नारळ कुठाय? फोटो काढायचाय त्याचा.

"पोटात हाय तुझ्या."

"आक्का, तो पुरावा होता!"

"खोबरं होतं, पुढारी. आणि वाटी देऊ?"

तरीही मी पत्रक लिहिलं. त्याच आठवड्यात, रागाच्या भरात, एका बैठकीत. तुझ्यासमोर ठेवलं. तू चष्मा ओढलास.

"पैली ओळ बरोबर," तू म्हणालीस. मी खूश झालो. मग तुझं बोट खाली सरकलं. "'शालनआक्का ढसाढसा रडल्या.' मी कधी रडलो रं?"

"रडायला पाहिजे होतंस."

"'निर्दय पहारेकरी अंगावर धावून आला.' तो कधी आला? नारळ घेऊन आला ते काय?"

"आक्का, पत्रकात कुणीतरी अंगावर यावं लागतंय."

"मग तुझं नाव घाल की. सगळ्यात जास्त तूच वरडत होतास." आणि शेवटच्या ओळीवर तुझं बोट थांबलं. मी मागितलं होतं, 'या पहारेकऱ्याला तात्काळ कामावरून काढा.' मग कागद घडी घालून माझ्या खिशात कोंबलास. "वरच्या माणसानं कायदा केला, खालच्या माणसानं नारळ दिला. आन् तुझा कागद पडणार कुणाच्या पोटावर? हे माझ्या मशीनवर छापायचं न्हाय."

मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणतो. नारळानं अन्याय फिटत नाही. तो माणूस चांगला होता म्हणून नियम चांगला होत नाही. तुला समुद्र आवडला म्हणून तुझं गाव उठवलं ते बरोबर ठरत नाही. माणुसकी दाखवायला खालची माणसं ठेवायची आणि वर बसून नियम करायचे, ही तर त्यांची जुनी युक्ती आहे. हे सगळं मी तुला सुनावलं. तू ऐकून घेतलंस. म्हणालीस, "हेबी खरं हाय." मी विचारलं, मग लिहू काय? राग लिहू का रस्ता छान होता म्हणून लिहू?

तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. तुला नेहमी माहीत असायचं. कुठला शब्द काढायचा, कुठला ठेवायचा, फौजदाराशी कसं बोलायचं, कुणाचा कागद उधारीवर छापायचा. त्या दिवशी तू शाईच्या बोटांनी कपाळ चोळलंस, निळा पट्टा उमटला तिथं.

"मला बी कळंना झालंय," तू म्हणालीस. "उतरायचं हुतं मला. लई उतरायचं हुतं. आन् उतरलो न्हाय त्याचं वाईट बी वाटंना. दोन्ही खरं कसं असंल? कळलं की सांगतो तुला."

मग सोमवार आला.

तर आक्का, आता मी काय करू? रणजितचं ऐकलं तर पेठ पेटेल, मोर्चा निघेल, आणि पहिला बळी तो स्टुलावरचा माणूस जाईल, ज्यानं तुझा पदर भरला. नाही ऐकलं आणि गप्प बसलो, तर तू उतरली नाहीस ही गोष्ट तुझ्याबरोबर गेली, आणि ते हँडबिल मात्र पेठेतल्या प्रत्येक दारात पडलंय, झ्याक रंगात, तुझ्याच मशीनवरचं. रणजितला मी म्हटलं, आक्का रडली नव्हती. तो म्हणाला, कुणाला कळणार? मी म्हटलं, तिला. तो म्हणाला, ती गेली की ओ. बरोबर आहे त्याचं. तू गेलीस. मग मला कशाची भीती वाटतेय?

तू मला जेवायला घातलंस, सोडवून आणलंस, माझं शुद्धलेखन दुरुस्त केलंस, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. तू मानू दिले नसतेस. "आभार पत्रकात न्हाय बसत," म्हणाली असतीस. ठीक आहे. पण ते एक उत्तर द्यायचं राहिलं तुझं, आणि ते मला हवंच होतं. दोन्ही खरं कसं असेल? तू खिडकीत बसून त्याला काय म्हणालीस? मला वाटतं, तू त्याला विचारलं असशील, घरचं कोण कोण आहे. असंच काहीतरी असेल. किंवा तू त्याला सांगितलं असशील की ते जोतं कुणाचं. मला माहीत नाही. मी व्हिडिओ दहादा ऐकला. त्यात माझाच आवाज आहे सगळा.

रणजितला मी परत पाठवलंय. मशीन उघडलंय. जुनं पत्रक फाडलं, पहिली ओळ ठेवली, आणि मधे हे सगळं घातलं, जसं झालं तसं. न पटलेलंही घातलं. रस्ता छान आहे, तेही आलं. गोंधळ तसाच आहे, आक्का, तो तुझ्याकडनंच मिळाला मला. निदान यात खोटं रडणं तरी नाही.

उरली शेवटची ओळ. जमेल असंच मागतो.

वाचणाऱ्या पावण्यांनो, तुमच्याही दारात ते हँडबिल आलंय. जा. समुद्र खरंच बघण्यासारखा आहे. फक्त फाटकाच्या अलीकडं गाडी उभी करा आणि खाली उतरा, तिथं उतरायला बंदी नाही. आतल्या थांब्यावरच्या माणसांसाठी घरनं काहीतरी खायला न्या, आणि त्यांना एक शब्द विचारू नका. फाटकाशेजारी डाव्या हाताला कौलारू कचेरी आहे, तिच्या पायऱ्या चढा. आत नियम करणारा माणूस बसलेला असतो. त्याला विचारा, उंडीवाडीच्या शालनआक्काला स्वतःच्या माहेरात खाली का उतरू दिलं नाही, आणि तिच्या गावच्या उरलेल्या माणसांना कधी उतरू देणार. तो उत्तर देईपर्यंत तिकीट काढू नका.